सत्तर आणि पन्नास : मोटारीच्या काचेचा कायदा

नागपूरच्या जुन्या वस्तीत वारांच्या नावांचे बाजार आहेत. बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, आणि या सगळ्यांत गजबजलेली इतवारी. इतवार म्हणजे रविवार. बाजार केव्हाच रोजचा झाला, नाव मात्र रविवारचेच राहिले. सराफा, किराणा ओळ, भांडे ओळ, मस्कासाथ अशा एकमेकींत शिरलेल्या गल्ल्यांतून दिवेलागणीच्या वेळी एकदा चालून पाहा. पोत्यांनी भरलेला हातठेला ओढणारा हमाल, ई-रिक्षा, दोन मुलांना हाताशी धरून रस्ता ओलांडणारी बाई, आणि या साऱ्यांतून वाट काढणारी एखादी मोटार. अशा गल्लीत ना सिग्नल, ना पांढरे पट्टे. तरीही गाडे पुढे सरकते, कारण सगळा व्यवहार नजरेवर चालतो. हमाल मोटारीच्या काचेतून चालकाच्या चेहऱ्याकडे पाहतो. चालकाने आपल्याला पाहिले आहे असे दिसले तर ठेला पुढे काढतो, नाही तर थांबतो. मोटारीची काच काळी असली की हा मूक संवाद तुटतो. हमालाला मग अंदाजाने पाऊल टाकावे लागते.

मोटारीच्या काचेतून दोन्ही बाजूंनी पाहिले जाते, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सहसा आपल्या ध्यानात येत नाही. आपल्या देशाच्या कायद्यात या काचेसाठी दोन आकडे आहेत. समोरच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के दृश्य प्रकाश पार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के. हे आकडे कायद्यात आहेत १९८९ नंतरच्या नियमांपासून, पण त्यांच्यावरचा वाद अजून संपलेला नाही. त्या वादाचा इतिहास विज्ञानाच्या शिक्षकाला फार उपयोगी पडण्यासारखा आहे, कारण त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : आकडा नियमात लिहिला, पण चौकात तो मोजायचा कोणी आणि कसा?

पडदा आणि गाडीवान

वाहनाला आडोसा करण्याची चाल मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. राजघराण्यांतल्या स्त्रिया मेण्यातून जात. मेणा म्हणजे चारी बाजूंनी बंद पालखी. विदर्भात सुखवस्तू घरची माणसे दमणीत बसून गावाला जात, आणि दमणीलाही गरजेप्रमाणे पडदे सोडता येत. टांग्याच्या मागच्या बाजूला चादर बांधून बायकांना नेण्याची रीत तर शहरांतून बरीच वर्षे चालू होती. या पडद्यामागे अब्रूच्या कल्पना होत्या, श्रीमंतीचा तोरा होता, आणि ऊन-धुळीपासून बचाव हाही भाग होताच.

पण या सर्व वाहनांत एक गोष्ट समान होती. वाहन हाकणारा पडद्याच्या बाहेर असे. मेण्याचे भोई रस्त्यावर चालत, दमणीचा गाडीवान धुरेवर बसे, टांगेवाला पुढे उघड्यावर. आत बसलेल्याला काही दिसले नाही तरी वाहनाचे काही अडत नव्हते, आणि रस्त्यावरच्या माणसाला हाकणाऱ्याचा चेहरा दिसत होता. शिवाय वेगही तो केवढा? बैलाला स्वतःचे डोळे असतात.

मोटारीने ही व्यवस्था मोडली. सुरुवातीच्या मोटारी उघड्या होत्या, पण लवकरच चालक आणि प्रवासी एकाच बंद पेटीत आले. आता प्रवाशासाठी केलेला आडोसा चालकाच्याही डोळ्यांसमोर येऊ लागला. सरकारी अॅम्बॅसडरच्या मागच्या खिडक्यांना पांढरे पडदे असत, ते अनेकांना आठवत असतील. ती एका अर्थी मेण्याचीच परंपरा म्हणायची, फक्त भोई आता आत येऊन बसला होता.

काच फुटण्याची भीती

कायद्याला पहिली काळजी वाटली ती काच काळी असण्याची नव्हे, फुटण्याची. साधी काच फुटली की तिचे सुऱ्यासारखे धारदार तुकडे होतात. सुरुवातीच्या मोटारींच्या अपघातांत माणसे काचेनेच अधिक जखमी होत. यावरचा उपाय फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस याला १९०३ मध्ये जवळजवळ अपघातानेच सापडला, असे सांगतात. त्याच्या प्रयोगशाळेतला एक काचेचा चंबू खाली पडला. त्याला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. चंबूत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते, ते वाळून आतून पातळ पापुद्रा तयार झाला होता आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते. १९०९ मध्ये त्याने दोन काचांच्या मध्ये असा थर घालण्याचे पेटंट घेतले. तीच लॅमिनेटेड काच. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांसाठी ती वापरली गेली, आणि पुढे मोटारींत आली.

या काचेत एक खोड होती. सेल्युलोज नायट्रेटचा थर उन्हात काही वर्षांत पिवळा पडे. काच फुटायची नाही, पण तिच्यातून नीट दिसायचेही नाही! पुढे त्या जागी सेल्युलोज अॅसिटेट आले, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनाइल ब्युटिराल. हे आजही वापरात आहे. ते उन्हात पिवळे पडत नाही, उलट अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवते. सुरक्षित काच केवळ मजबूत असून भागत नाही, ती स्वच्छही राहिली पाहिजे, हा धडा या पिवळेपणाने दिला.

बाजूच्या काचांसाठी दुसरी युक्ती वापरतात. काच तापवून तिच्या पृष्ठभागावर एकदम थंड हवेचे झोत सोडले की बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला ताणाखाली राहतो. अशी टफन्ड काच फुटली तर तिचे बोथट, वाटाण्याएवढे तुकडे होतात.

आता आपल्याकडे येऊ. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहनांच्या बांधणीचे नियम प्रांत सरकारे करीत. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, त्यामुळे इतवारीतल्या मोटारीला त्या प्रांताचे नियम लागू होते. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तसे नियमही बदलत गेले. सगळ्या देशाला एक नियम मिळाला तो १९८८ च्या कायद्याने. हा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या ११० व्या कलमात केंद्र सरकारला ज्या बाबींवर नियम करता येतील त्यांची यादी आहे, आणि तीत सुरक्षित काचेच्या वापराबरोबरच रंगीत सुरक्षित काचेवरच्या बंदीचाही उल्लेख आहे. म्हणजे काळ्या काचेचा प्रश्न कायदा करणाऱ्यांच्या नजरेत तेव्हाच आला होता. मारुतीच्या गाड्या रस्त्यावर येऊन तेव्हा पाच-सहा वर्षे झाली होती. खासगी मोटारींची संख्या वाढत होती, आणि काळ्या काचा हे रुबाबाचे लक्षण ठरू लागले होते.

या कायद्याखाली केलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम म्हणजे आपला विषय. त्यात सत्तर आणि पन्नास हे आकडे आहेत आणि काच भारतीय मानक २५५३, भाग २ प्रमाणे असावी असे म्हटले आहे. १९९३ च्या दुरुस्तीने समोरची काच लॅमिनेटेडच असली पाहिजे असे ठरले, त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली गेली. नियमातील एक शब्दप्रयोग ध्यानात ठेवावा : काच अशी असावी आणि अशा स्थितीत ठेवली जावी, की इतका प्रकाश पार जाईल. ‘असावी’ हे कारखान्याला उद्देशून, ‘ठेवली जावी’ हे मालकाला. पुढचे सगळे भांडण या दोन क्रियापदांच्या मध्ये झाले.

दोनदा पार जाणारा प्रकाश

सत्तर आणि पन्नास हेच आकडे का? नियम करणाऱ्यांनी पुढील हिशेब केला होता असे माझे म्हणणे नाही, पण वर्गात तो करून पाहण्याजोगा आहे.

बाहेरच्या प्रकाशाचे १०० भाग खिडकीवर पडतात असे समजा. काच ७० टक्क्यांची असेल तर ७० भाग आत जातील. आतल्या माणसाचा चेहरा त्यातला सोयीसाठी निम्मा परत पाठवतो असे धरू, म्हणजे ३५. हे ३५ भाग पुन्हा काचेतूनच बाहेर येणार, म्हणजे त्यांचे ७० टक्के, साडेचोवीस. काच ५० टक्क्यांची असेल तर १०० चे ५०, त्याचे २५, आणि बाहेर साडेबारा. काच २० टक्क्यांची असेल तर २०, मग १०, आणि बाहेर केवळ २. बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने प्रकाश काचेतून दोनदा जातो, म्हणून काच थोडी काळी केली तरी आतला माणूस फार झपाट्याने नाहीसा होतो.

दुसरीकडे काचेचा पृष्ठभाग स्वतःही प्रकाश परावर्तित करतो. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. म्हणजे समोरच्या दुकानाची, आकाशाची प्रतिमा काचेत दिसते ती चार ते आठ भागांची. आता तुलना करा. साडेबारा भागांचा चेहरा या प्रतिमेतून डोकावू शकतो, दोन भागांचा चेहरा तिच्याखाली बुडून जातो. काच आरसा होते. चिकाच्या पडद्यामागे बसलेल्याला रस्ता दिसतो आणि रस्त्यावरच्याला तो दिसत नाही, त्याचे कारणही हेच आहे. रात्री घरात दिवा लागला की चिकाचा डाव उलटतो, हे तर लहान मुलांनाही ठाऊक असते. हिशेब अर्थात ढोबळ आहे. मोटारीत इतर खिडक्यांतूनही उजेड येतो, म्हणून आकृती तरी दिसते. पण हौशी मालक मागची काचही काळी करतो, आणि तोही आधार जातो.

मागच्या काचेला सत्तर टक्क्यांची अट का, हे इतवारीसारख्या दाटीत चटकन कळते. आपल्या पुढे एक मोटार आहे आणि तिच्या पुढे आणखी एक. सर्वांत पुढच्या गाडीचे लाल दिवे आपण मधल्या गाडीच्या आरपार पाहतो. तो प्रकाश मधल्या गाडीची समोरची काच, तिचीच मागची काच आणि आपली समोरची काच अशा तीन काचांतून येतो. प्रत्येक काच ७० टक्क्यांची असली तरी ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के प्रकाशच पोचतो. मधल्या गाडीने मागची काच २० टक्क्यांची केली तर उरतो १० टक्क्यांहूनही थोडा कमी. एकाच्या काचेची किंमत मागचा चालक मोजतो ती अशी.

येथे गुणाकार आहे, वजाबाकी नव्हे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास चकवते. जिलेटिनच्या करड्या कागदाचे दोन तुकडे, एक दिवा आणि मोबाइलमधील प्रकाशमापक एवढ्यावर ती दाखवता येते. नुसत्या दिव्याचे वाचन ४०० लक्स आले आणि एक कागद धरल्यावर २८० आले, तर कागद ७० टक्क्यांचा. दुसरा तसाच कागद धरण्यापूर्वी वर्गाला अंदाज विचारा. पुष्कळ जण म्हणतील, तीस आणि तीस साठ अडले, चाळीस टक्के उरले, म्हणजे १६० लक्स. मापक दाखवील १९६ च्या आसपास. खोलीतला इतर उजेड बंद करायला विसरू नका, नाही तर प्रयोग फसेल.

फिल्मच्या दुकानात नेमकी हीच गफलत होते. ग्राहक म्हणतो, कायद्यात पन्नास आहे ना, मग पन्नासची फिल्म लावा. पण काच स्वतः ७५ टक्क्यांची असली तर वर ५० ची फिल्म लावल्यावर उरतात साडेसदतीस. पन्नास राखायचे तर त्या काचेवर निदान ६७ टक्क्यांची फिल्म हवी, आणि तेवढी फिकट फिल्म लावली तर शेजाऱ्याच्या ती डोळ्यांतही भरणार नाही. मग रुबाब कसला?

चालकाच्या बाजूनेही पाहू. त्याच्यासाठी प्रकाश एकदाच पार जातो, आणि भर दुपारी तर काही बिघडतच नाही. उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, तो निम्मा झाला तरी डोळा सहज जुळवून घेतो. म्हणूनच काळ्या काचेचा मालक शपथेवर सांगतो की मला सगळे स्वच्छ दिसते. तो खोटे बोलत नसतो. पण रात्री गल्लीत पाच-दहा लक्स उजेड असतो. तेथे डोळा आधीच आपल्या क्षमतेच्या कडेला आलेला असतो, आणि गडद कपड्यांतला माणूस व मागची गडद भिंत यांतला फरक ओळखायला त्याला प्रकाशाचा कण नि कण लागतो. त्यातले निम्मे काढून घेतले तर आधी जो जेमतेम दिसत होता, तो दिसेनासा होतो. आणि जो दिसलाच नाही, तो दिसला नाही हे चालकाला कळणार कसे? वय वाढते तसा डोळ्याचा भिंगही कमी प्रकाश आत सोडतो, त्यामुळे पंचविशीतल्या मुलाने पसंत केलेली काच घरच्या साठीतल्या चालकाला अधिक जड जाते.

इतर देशांकडे पाहिले तर आपल्या नियमाचा हेतू अधिक उघड होतो. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८५ नंतर वापरात आलेल्या मोटारींना समोरच्या काचेसाठी ७५ टक्के आणि चालकाच्या ओळीतील बाजूच्या काचांसाठी ७० टक्के अशी अट आहे, पण मागच्या काचांवर मर्यादाच नाही. तेथे प्रश्न चालकाला काय दिसते एवढाच आहे. आपल्याकडे बाजूच्या काचांना थोडी सवलत आहे, पण एकही खिडकी मोकळी सोडलेली नाही. चालकाला बाहेरचे दिसावे आणि बाहेरच्यालाही आतले दिसावे, अशी ही दुहेरी अट आहे.

४ मे २०१२

नियम होता, पण पाळत कोण होते? १९८८ च्या कायद्यात अशा किरकोळ गुन्ह्याला पहिल्या वेळी १०० रुपये दंड होता, पुन्हा केल्यास ३००. चांगल्या फिल्मचा खर्च याच्या कितीतरी पट. आणि हवालदाराने गाडी थांबवली तरी काच ४८ टक्क्यांची आहे की ५२ टक्क्यांची, हे डोळ्यांनी सांगणे कोणालाच शक्य नाही. आपला डोळा प्रकाशाचे प्रमाण मोजत नाही, तो फक्त आजूबाजूशी तुलना करतो. मापकाशिवाय हा नियम म्हणजे वजनकाट्याशिवाय किराणा दुकान.

अशा स्थितीत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अभिषेक गोयंका विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेवर सरन्यायाधीश कापडिया, न्यायमूर्ती पटनायक आणि न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार यांच्या पीठाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला. काळ्या काचांच्या आड होणारे गुन्हे, स्त्रियांवरील अत्याचार, नाकाबंदीत पोलिसांना आतले न दिसणे, हे मुद्दे न्यायालयापुढे होते. न्यायालयाने नियमातल्या ‘काच’ या शब्दावर बोट ठेवले. नियम सांगतो ती काच कारखान्यातून येते तशी. तिच्या घडणीतच रंग असेल आणि ती सत्तर-पन्नासच्या मर्यादेत असेल तर हरकत नाही. पण वरून चिकटवलेली फिल्म ही काच नव्हे, आणि नियमात तिला जागा नाही. म्हणून फिल्म कितीही फिकट असो, किंवा दुसरे कोणतेही आच्छादन असो, ४ मे २०१२ पासून ते देशभर चालणार नाही. पोलिसांनी चलान तर करावेच, शिवाय फिल्म जागीच काढावी. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांनाही सूट आपोआप नाही, राज्याच्या गृह सचिव आणि पोलीस प्रमुखांच्या समितीने एकेक प्रकरण तपासून ती द्यावी.

फिल्म बनवणाऱ्यांनी अर्थातच तक्रार केली. फिल्म लावूनही सत्तर-पन्नास राखले जात असेल तर बिघडले कुठे, हा त्यांचा प्रश्न. विज्ञानाच्या दृष्टीने तो बिनतोड आहे. प्रकाशाला रंग काचेच्या पोटात आहे की पाठीवर, याच्याशी कर्तव्य नसते. ३ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. मला यात न्यायालयाचा व्यवहारीपणा दिसतो. टक्केवारीचा नियम पाळून घ्यायला प्रत्येक चौकात मापक हवा. ‘फिल्म नको’ हा नियम पाळून घ्यायला नख पुरते. काचेच्या कडेला नख लावले की फिल्म आहे की नाही ते कळते. पण त्यात जो मालक ९० टक्क्यांची पारदर्शक फिल्म लावून मर्यादेत राहत होता, त्याच्यावर अन्याय झाला हेही मान्य केले पाहिजे.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर जे अत्याचार झाले, त्या बसला काळ्या काचा आणि पडदे होते. ती बस शहरातल्या रस्त्यांवरून फिरत राहिली आणि बाहेर कोणाला काही कळले नाही. यानंतर काळ्या काचांविषयी मऊपणाने बोलणे कोणालाही अवघड झाले.

नागपूरचे ऊन

तरीही मालकांची एक बाजू उरतेच. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचे चाक हाताला सोसवत नाही. अशा गावात फिल्म म्हणजे चैन, असे म्हणणे सोपे नाही.

पण काळी फिल्म खरोखर किती थंडावा देते? सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग अवरक्त किरणांचा असतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. रंग घालून काळी केलेली स्वस्त फिल्म मुख्यतः दृश्य प्रकाश अडवते. अवरक्त किरणांतले पुष्कळसे तिच्यातून निघून जातात. जो प्रकाश ती अडवते तोही नाहीसा होत नाही, त्याने फिल्म तापते. फिल्म काचेच्या आतल्या बाजूला असल्यामुळे त्या उष्णतेतला काही भाग बाहेरचा वारा घेऊन जातो आणि उरलेला आतच येतो. थोडा फायदा होतो, पण काळेपणाच्या मानाने फारच थोडा. उलट धातूच्या ऑक्साइडांचे सूक्ष्म थर असलेल्या फिल्म जवळजवळ पारदर्शक असूनही अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणात अडवतात. काचेच्या रसात लोहाचे प्रमाण वाढवले तरी हे काम काही अंशी होते, मोटारीच्या काचेत कडेने दिसणारी हिरवट झाक त्याचीच. तेव्हा डोळ्यांना दिसणारा काळेपणा आणि अंगाला जाणवणारा थंडावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळ्या फिल्मच्या बाजूने ‘ऊन’ हे कारण पुढे केले जाते तेव्हा खरे कारण बहुधा आडोसा हेच असते. सराफ्यातून दागिने घेऊन निघालेल्या माणसाला आडोसा हवासा वाटावा, यात नवल नाही. पण तसे असेल तर त्याने तो मुद्दा त्याच नावाने मांडावा.

पुन्हा मापकाकडे

तंत्रज्ञान पुढे गेले आणि नियमही. २०२० च्या दुरुस्तीने १०० व्या नियमात सुरक्षित काचेच्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला आणि १ एप्रिल २०२१ पासून तो लागू झाला. सुधारलेल्या भारतीय मानकात आतल्या बाजूने प्लॅस्टिकचा थर दिलेली काचही यात मोडते. आकडे मात्र तेच राहिले. मग प्रश्न आला, मालकाने नंतर लावलेली फिल्म यात बसते काय? सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नागरेश यांनी म्हटले, बसते. सत्तर-पन्नासची मर्यादा पाळली असेल तर केवळ फिल्म आहे म्हणून दंड करता येणार नाही, कारण २०१२ चा निकाल जुन्या शब्दांवर उभा होता. हा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठावर बंधनकारक नाही, पण अशा प्रकरणात तो पुढे ठेवला जाईल हे नक्की. दंडही आता शंभरचा राहिलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १,५०० रुपये आहे.

या वाटेने गेले तर नखाचा उपयोग संपतो आणि पुन्हा मापक लागतो. तो काही अजब यंत्र नाही. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाशसंवेदक. मध्ये काही नसताना वाचन १०० वर आणायचे आणि मग काच मध्ये घ्यायची. दाराची काच अर्धी खाली करून तिच्या कडेवरून मापक सरकवता येतो. समोरची काच पक्की बसवलेली असते, तिच्यासाठी दोन सुटे भाग आतून-बाहेरून चुंबकाने समोरासमोर धरतात. काच आधी पुसून घ्यावी लागते, इतवारीतल्या धुळीने दोन-चार टक्के सहज कमी होतात. आणि मापकाचा संवेदक माणसाच्या डोळ्यासारखा पाहणारा असावा लागतो, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक मान देणारा आणि अवरक्त किरणांकडे दुर्लक्ष करणारा. साधा संवेदक अवरक्त किरणही मोजतो, आणि स्वस्तातली काळी फिल्म त्याला आहे त्यापेक्षा बरीच फिकट वाटते.